वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची घटना आणि ख्रिस्ती श्रद्धा

प्रश्न : अमेरिकेची स्थापना ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच झाली, असे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एका चर्चेत ठामपणे सांगितले गेले. हे खरे आहे का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : श्रद्धेचा वाटा मोठा होता, हे मान्यच करायला हवे, १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाचे हक्क ‘निर्मात्याने’ दिलेले आहेत, असे म्हटले आहे. मात्र १७८७ची राज्यघटना उघडून पाहिली, तर तिच्यात देवाचा आधार घेतलेला आढळत नाही. अखेरीस सह्यांच्या आधी तारीख लिहिताना ‘आपल्या प्रभूचे वर्ष’ एवढाच रूढ शब्दप्रयोग येतो, आणि सहाव्या कलमात तर सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही, असे स्पष्ट बजावले आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की धर्म आणि राज्यसत्ता यांची ही फारकत केवळ धर्माविषयी उदासीन असलेल्यांनी मागितली नव्हती. व्हर्जिनियात परवान्याविना प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात डांबले जात असे, आणि त्याच पंथाचे भाविक १७८६च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यामागे उभे राहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र चर्चसाठीचा कर १८३३पर्यंत चालूच होता.