नेत्याकडे पाहताना सभागृहाकडेही पाहावे

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेचा इतिहास आणि तिथले साहित्य यांच्या आधारे सत्ता, परंपरा आणि नेतृत्व या विषयावर प्रबंधिका लिहिण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला. तू पाठवलेल्या आराखड्यात मात्र वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट अशी थोर पुरुषांची मालिका आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक प्रकरण आले आहे. हा आराखडा तू बदलावास, असे मी आग्रहाने सुचवतो. सत्ता एका माणसाच्या हाती दिसत असली, तरी ती त्याला देणारी, त्याच्याकडून परत घेणारी किंवा निमूटपणे त्याच्या मागे जाणारी माणसे भोवती उभी असतात, आणि आपण जिला परंपरा म्हणतो ती या माणसांच्या वागण्यातच टिकते किंवा मोडते. तेव्हा मोजकेच प्रसंग निवड आणि ते अगदी जवळून पाहा.

सुरुवात २३ डिसेंबर १७८३ या दिवसापासून कर. मेरीलँडमधील ॲनापोलिस येथे सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या पदाचा राजीनामा देण्यासाठी काँग्रेससमोर, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेसमोर, उभे राहिले. ब्रिटनविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेले होते, सैन्य त्यांना मानत होते. समोरची काँग्रेस मात्र इतकी दुबळी होती, की सभागृहात सात राज्यांचे मिळून वीसेक सदस्य हजर होते आणि ब्रिटनशी झालेल्या तहाला मंजुरी देण्यासाठी लागणारी नऊ राज्येही जमलेली नव्हती. समारंभाचे नियम आधी लिहून ठेवले होते, आणि ते ठरवणाऱ्या समितीत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन होते. सेनापतीने उभे राहून वाकून अभिवादन करायचे. सदस्यांनी डोक्यावर टोप्या ठेवून बसून राहायचे आणि उत्तरादाखल फक्त टोपी उचलायची, वाकायचे नाही. जेम्स मॅकहेन्री या सदस्याने आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलेल्या पत्रात त्या दिवसाचे वर्णन आहे. भाषण वाचताना वॉशिंग्टन यांचा हात थरथरत होता, आणि सहकारी अधिकाऱ्यांचा उल्लेख आला तेव्हा त्यांना कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी होते.

या प्रसंगाचे सारे श्रेय वॉशिंग्टन यांच्या निःस्पृहतेला देण्याची प्रथा आहे, आणि ती निःस्पृहता मलाही मोठी वाटते. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले अधिकारी काँग्रेसविरुद्ध उठण्याच्या बेतात असताना त्यांना आवरणारेही तेच होते. तरीही माझी नजर पुनःपुन्हा त्या टोप्यांकडे जाते. ज्यांच्या हाती पैसा नाही, सैन्य नाही आणि पुरेशी उपस्थितीही नाही, अशा वीस माणसांनी विजयी सेनापतीसमोर बसून राहण्याचे ठरवले आणि ते निभावले. सेनापतीचे वाकणे आणि त्यांचे न वाकणे या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच लष्कर लोकप्रतिनिधींच्या अधीन असते ही परंपरा उभी राहिली. दोन कार्यकाळांनंतर अध्यक्षपद सोडण्याचा पायंडाही असाच लिखित कायद्याशिवाय दीडशे वर्षे चालला. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, १९४४ मध्ये चौथ्यांदा, आणि मग १९५१ मध्ये बावीसाव्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा कागदावर आणली. या भागावर तू फार पाने खर्च करू नकोस. तो सर्वांना ठाऊक आहे.

त्यापेक्षा १७९६ हे वर्ष उघडून बघ. वॉशिंग्टन यांचा प्रसिद्ध निरोपाचा संदेश त्या वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियातील वृत्तपत्रात छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात, अध्यक्षांच्या घरातील मंडळी जेवत असताना, ओना जज ही मार्था वॉशिंग्टन यांची गुलाम दासी घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला पोहोचली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार तिथे सलग सहा महिने राहिलेल्या गुलामाला स्वातंत्र्य मागता येत असे, म्हणून वॉशिंग्टन आपल्या घरातील गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवत आणि ही गोष्ट गुपचूप व्हावी अशी सूचना चिटणिसाला देत. पळालेल्या गुलामाला पकडून परत नेण्याचा मालकाचा हक्क मान्य करणाऱ्या १७९३ च्या कायद्यावर त्यांचीच सही होती. आता त्यांनी आपल्या अर्थमंत्र्यामार्फत पोर्ट्समथचे जकात अधिकारी जोसेफ व्हिपल यांना तिला परत पाठवण्यास सांगितले. व्हिपल तिला भेटले, तिचे म्हणणे ऐकून घेतले, आणि तिच्यावर बळजबरी करण्याचे त्यांनी सौम्य शब्दांत टाळले. मालक-मालकिणीच्या मृत्यूनंतर मुक्त करण्याचे वचन मिळाले तर ती परत येईल, हेही त्यांनी कळवले. राष्ट्राध्यक्षांनी ती अट नाकारली. असे करणे म्हणजे बेइमानीला बक्षीस देणे, असे त्यांचे मत होते.

ओना जज १८४८ मध्ये वारली, तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती गुलामच होती. म्हातारपणी तिने दोन मुलाखती दिल्या. गुलामीपेक्षा जास्त कष्ट सोसावे लागले, मग निघून आल्याचा पश्चात्ताप होतो का, या प्रश्नावर तिचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते: मी स्वतंत्र आहे. या मुलाखतींशिवाय वॉशिंग्टनवरचे तुझे प्रकरण पुरे होणार नाही, असे मला ठामपणे वाटते. ॲनापोलिसला सत्ता सोडणारा हात आणि एका तरुणीला सोडायला तयार नसलेला हात एकाच माणसाचा आहे, आणि दोन्ही वेळा त्या माणसामागे परंपरेचे बळ आहे.

इथून साहित्याकडे वळ. हर्मन मेल्विल यांची ‘मोबी डिक’ ही देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजाची कादंबरी १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. आपला पाय तोडणाऱ्या एका पांढऱ्या देवमाशाचा सूड घेण्याच्या कप्तान एहॅबच्या वेडाने बहुतेक वाचक इतके भारावतात, की जहाजावरील इतर माणसे त्यांना दिसतच नाहीत. तू मात्र तेहतिसावे आणि सेहेचाळिसावे प्रकरण सावकाश वाच. पहिल्यात मेल्विल सांगतात, की एहॅब समुद्रावरील रूढ शिष्टाचार काटेकोरपणे पाळतो आणि कधीकधी त्याच शिष्टाचारांच्या आड आपला खासगी हेतू लपवतो. दुसऱ्यात तर ते थेट लिहितात, की सफरीचा खरा उद्देश बदलल्यामुळे एहॅबवर सत्ता बळकावल्याचा आरोप येऊ शकतो आणि खलाशांनी त्याचा हुकूम मोडला, त्याच्याकडून जहाज काढून घेतले, तरी नीती आणि कायदा या दोहोंच्या दृष्टीने ते निर्दोष ठरतील. एहॅबला हे माहीत आहे. म्हणूनच तो नेहमीची देवमाशांची शिकार चालू ठेवतो. त्याची सत्ता खलाशांनी न वापरलेल्या अधिकारावर उभी आहे. पहिला अधिकारी स्टारबक सज्जन आहे, धर्मभीरू आहे, तो विरोध बोलून दाखवतो. एका रात्री तो बंदूक हातात घेऊन कप्तानाच्या दाराशी उभा राहतो आणि ती पुन्हा जागेवर ठेवून निघून जातो. अखेर जहाज बुडते आणि कथा सांगणारा खलाशी इश्माएल तेवढा जिवंत राहतो.

आता ही कादंबरी जिथे लिहिली जात होती त्या मॅसॅच्युसेट्सकडे बघ. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा आणखी कठोर झाला होता. एप्रिल १८५१ मध्ये बॉस्टनमध्ये थॉमस सिम्स या गुलामीतून पळालेल्या तरुणाला पकडले, न्यायालयाच्या इमारतीभोवती साखळदंड बांधले, आणि राज्याचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांना त्या साखळीखालून वाकून आत जावे लागले. त्यांनी सिम्सच्या सुटकेचा अर्ज फेटाळला. शॉ गुलामगिरीचे चाहते नव्हते. मालकाने स्वतःहून या राज्यात आणलेला गुलाम इथे मुक्त होतो, असा निर्णय त्यांनीच १८३६ मध्ये दिला होता. आणि ते मेल्विलचे सासरे होते. मेल्विलनी स्टारबक त्यांच्यावर बेतला, असा दावा तू करू नकोस, कारण कादंबरी अशी सरळ जुळवणी सहन करत नाही. पण सज्जन माणूस रूढ नियमाच्या आधाराने अन्यायाला वाट करून देतो, ही गोष्ट त्या काळी मेल्विलच्या घरापासून किती जवळ होती, हे दाखवण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

एक मराठी दुवाही खराखुरा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. लिंकन यांचे नाव तिथे सहज घालता आले असते. जोतीरावांनी लोकांची निवड केली, आणि ती निवड तुझ्या प्रस्तावनेत एक परिच्छेद मागते. त्याहून अधिक जागा तिला देऊ नकोस, नाहीतर विषय अमेरिकेहून इकडे सरकेल.

कामाचा क्रम असा ठेव: आधी मॅकहेन्रींचे पत्र, मग व्हिपल आणि वॉशिंग्टन यांचा पत्रव्यवहार, त्यानंतर ओना जजच्या मुलाखती आणि शेवटी मेल्विलची ती दोन प्रकरणे. चरित्रग्रंथ तोवर बाजूला असू देत. प्रत्येक प्रसंगात कोण उभे आहे, कोण बसले आहे, कोणाला नकार देता आला असता आणि कोणी दिला, याची टिपणे काढ आणि त्यांवरून बेतलेला नवा आराखडा महिनाअखेरीस माझ्याकडे पाठव.

कळावे.

तुझा शुभचिंतक