आपलंच लेकरू, मग कागद कशाला?

प्रश्न: मी 47 वर्षांची. दीड वर्षापूर्वी धाकटी बहीण गेली, तेव्हापासून तिचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे नागपुरात, नंदनवनला आहे. त्याचे वडील कामाला म्हणून बाहेरगावी गेले, ते फोनही उचलत नाहीत. मी घरीच शिलाई करते, मिस्टर दुकानात हिशेब लिहितात. नातेवाईक म्हणतात, ‘लेकराचं सोनं केलंस’, पण एक संध्याकाळ कुणी त्याला ठेवून घेत नाही. शाळेत सहीच्या वेळी विचारतात, ‘तुम्ही कोण?’ सरकारी मदत मिळते म्हणे, पण बहिणीच्या लेकरासाठी हात पसरायला लाज वाटते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, नवा लाकडी नंदी आणून दिला, तर हा आईनं चाकाला दोरा बांधलेला जुनाच घेऊन दारात बसून राहिला. मी रागावले. तेव्हापासून झोप नाही. – एक मावशी

उत्तर: ताई, आधी त्या नंदीचं. गल्लीतली पोरं नंदी घेऊन दारोदार जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करत असताना हा बसून राहिला, तुमचे पैसे वाया गेले, तुम्ही चिडलात. चिडणारच, दिवसभर मशीनवर बसलेलं माणूस आहात. पण त्याला जवळ घेऊन एकदा ‘मी उगाच ओरडले’ म्हणा आणि तो दोरा आईनं कधी बांधला ते विचारा. त्याला बोलू द्या. तो रडला तर रडू द्या, तुम्हालाही रडू आलं तर लपवू नका. बहीण तुमचीही गेली आहे, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एकच ओळ आहे.

आता लाजेचं. बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2,250 रुपये त्या मुलाचे आहेत, तुमचे नाहीत. आई किंवा वडील गमावलेल्या मुलानं संस्थेत न जाता घरातच वाढावं, यासाठीच ती योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. पुढे घरी चौकशीला माणूस येतो आणि बाल कल्याण समिती आदेश देते. बहिणीचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला फोटोही मागतात. तो काढताना त्याला नंदी हातात धरायचा असेल तर धरू द्या, एवढ्यानं अर्ज काही अडत नाही. दलालाला मात्र एक रुपया देऊ नका. आणि पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून शाळेची फी ठरवू नका, कधी कधी ते महिनोन्‌महिने तुंबतात.

‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न तुम्हाला झोंबतो, पण शाळेचंही तसं चुकत नाही. वडील हयात आहेत, म्हणजे कायद्यानं पालक तेच. त्यांच्या घरच्या कुणा जाणत्या माणसामार्फत निरोप धाडा आणि मुलगा तुमच्याकडे राहतो, शाळेच्या-दवाखान्याच्या सह्या तुम्ही कराल, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. ते मिळेना तर न्यायालयाकडून पालकत्व मागता येतं. त्यासाठी सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ‘आपलंच लेकरू, कागद कशाला’ असं कुणीतरी म्हणेलच. उद्या ताप चढून पोर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती करावं लागलं, तर ते म्हणणारे सहीला येणार नाहीत.

नातेवाईकांचं मला नवल वाटत नाही. ‘काही लागलं तर सांग’ म्हणायला दमडी लागत नाही, म्हणून सगळे म्हणतात. तुम्हीही मोघम बोलू नका. जावेला सांगा, ‘दर शनिवारी चार ते सात याला तुझ्याकडे ठेवते.’ भावाला सांगा, ‘सायकल तू शिकव.’ वार आणि वेळ सांगितली की माणसाला टाळता येत नाही. टाळलंच, तर निदान कळेल की तिथं विचारायचं नाही.

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी कोण उभं असतं, ते जरा निरखून बघा. आज्या, आत्या, एखादे मामा. त्यातल्या दोघी-तिघींच्या घरची कथा तुमच्यासारखीच निघेल. मीही आजोळीच वाढले. शेजारच्या एक काकू स्वतःच्या नातवासोबत मला शाळेत न्यायच्या आणि माझी आजी तेवढ्या वेळात पडून घ्यायची. तो पाऊण तास तिचा होता. तुमचाही एखादा असाच शोधा.

पोर जेवत नसेल, रात्री दचकून उठत असेल, गप्प गप्पच राहत असेल, तर ‘होईल मोठा, विसरेल’ म्हणत बसू नका. मेडिकलच्या मानसोपचार विभागात दाखवा. रात्री तुमचाच जीव घाबरला, तर 14416 या ‘टेलि-मानस’ हेल्पलाईनवर फोन करा, तो फुकट आहे. मुलाला कुणी त्रास देत असेल किंवा वडील येऊन ओढून न्यायला लागले, तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाईन.

या सगळ्यात उत्पन्नाच्या दाखल्यालाच दिवस लागतात, म्हणून तो अर्ज आधी टाका. सोमवारी सकाळी मशीन बंद ठेवून सेतू केंद्रात जा, मिस्टरांना सोबत घ्या.