थांबायचं कुठे, ते आधी ठरवा

दिवाळी अंकांच्या कामाची गर्दी सुरू झाली की घरून चित्रं, मांडणी, अनुवाद करणाऱ्यांची पत्रं वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: ब्रेक घेतला तर काम तुटतं, नाही घेतला तर आपण. त्यांतली चार पत्रं इथे, उत्तरांसह.

मी दिवाळी अंकांसाठी जलरंगात चित्रं करते. वन बीएचके आहे, बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल. 25 मिनिटांचा गजर लावून पाच मिनिटं उठायची पद्धत करून पाहिली. उठले की ओट्यावरची भांडी दिसतात, मग कपडे, मग सोसायटीचा ग्रुप. तासाभराने परत येते तेव्हा मन लागत नाही आणि अर्धवट सोडलेल्या आकाशावर कडा उमटलेल्या असतात. ब्रेक घेऊच नये का? (डोंबिवली)

जरूर घ्या, पण गजर बंद करा. ही 25 मिनिटांची पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या अभ्यासासाठी बसवली. हाताशी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर होता. पुस्तक कुठल्याही ओळीवर मिटता येतं. जलरंगाचा ओला थर तसा सोडता येत नाही. तुम्ही उठलात त्या क्षणी रंगाची जी कड होती ती तिथेच वाळते आणि पुन्हा भिजवली तरी पूर्ण जात नाही. थर अर्धवट वाळलेला असताना परत येऊन ओला ब्रश टेकवलात, तर पाणी रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग पडतो. तुमच्या आकाशाचं तेच झालंय.

म्हणून ब्रेक वाळण्याच्या वेळेत बसवा. थर पूर्ण टाकून झाला, बोर्ड सपाट ठेवला, की उठायचं. 300 जीएसएमच्या जाड कागदावरचा साधा थर एरवी 15-20 मिनिटांत वाळतो. ऑगस्टच्या दमट हवेत तासही लागतो. वाळला का हे नुसतं बघून कळत नाही. तळहाताची मागची बाजू कागदाला अलगद लावा. गार लागलं तर आत ओल आहे. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर कागदावरची चमक जाईपर्यंत थांबा, नाहीतर वाऱ्याने रंग सरकतो. आणि उठण्याआधी ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडू नका. टोक वाकतं आणि ब्रशचे केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या आतला डिंक सुटतो. धुऊन, टोक करून आडवा ठेवा.

आता भांडी आणि ग्रुप. घरकाम ब्रेकमध्ये चालतं, पण ते आपलं आपण संपणारं हवं. दोरीवर कपडे वाळत घालायला दहा मिनिटं लागतात, हात खांद्याच्या वर जातात, मान मोकळी होते. बादली रिकामी झाली की काम संपलं. लसूण सोलणं मात्र तुमच्यासाठी नको. चिमटीत ब्रश धरून दमलेली तीच बोटं पुन्हा चिमटीत राबतात. सोसायटीचा ग्रुप, गॅसचं बुकिंग, बँकेचं अॅप यांचा त्रास वेगळा आहे. तिथे काहीतरी लोंबकळत राहतं, कुणाचं तरी उत्तर यायचं असतं, आणि अर्धं डोकं तिकडेच थांबतं. ही कामं संध्याकाळी साडेसहानंतर एकगठ्ठा करा.

परतल्यावर मन लागत नाही, कारण पुढची पायरी नव्याने शोधावी लागते. उठण्याआधी पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून बोर्डला चिकटवा: "पान 7. बाईच्या डाव्या हातातली पिशवी कोरी. आधी पिशवीखालची सावली, मग पदराचा काठ. रंग दुसऱ्या वाटीत कालवलाय, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन." चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट लागतं. "चित्र पूर्ण करणे" असं लिहिलंत तर तिचा काहीच उपयोग नाही. ब्रश पहिल्यांदा कुठे टेकवायचा तेच तिच्यात हवं.

एक सूचना: अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट रात्री बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर ते ब्रेकने भागणारं नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मी घरून पुस्तकांची मांडणी करते. सासूबाई प्रेमाने दर अर्ध्या तासाला काहीतरी विचारायला येतात. "घरीच तर आहेस," म्हणतात. ब्रेक माझा मला ठरवताच येत नाही. (नाशिक)

"मी कामात आहे" एवढ्याने घरच्यांना काहीच कळत नाही, कारण ते कधी संपणार हे त्यात नसतं. बाहेर येण्याची वेळ सांगा. "आई, सव्वाअकराला मी चहा टाकते, तेव्हा बसू या," म्हणा आणि सव्वाअकराला खरंच बाहेर या, पान अर्धं असलं तरी. पहिले आठ-दहा दिवस ही वेळ एकदाही चुकवू नका. तुम्ही येता असा भरवसा बसला की मधलं विचारणं आपोआप चहापर्यंत थांबतं. फ्रिजवर कागद लावा: सव्वाअकरा, दीड, चार. कुरियर, दूधवाला, मोलकरणीचा निरोप यांतलं काय ताबडतोब सांगायचं आणि काय चहाला, हेही एकदा बसून ठरवा.

स्क्रीनवर सलग काम करून डोळे चुरचुरतात. आणि दुपारी झोपावं की नाही? (कोल्हापूर)

स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळा कोरडा पडतो. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा आणि तेव्हा पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा. 20 फूट म्हणजे सहा मीटर. खोलीत एवढं अंतर मिळत नाही, म्हणून खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी, झाडाचा शेंडा असं काहीतरी ठरवून ठेवा. यासाठी उठावं लागत नाही, म्हणून कामही तुटत नाही. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर खुर्चीची जागा बदला.

वामकुक्षी जरूर, पण 15-20 मिनिटांची आणि तीनच्या आत. अर्धा तास उलटला की झोप गाढ होते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. गजर 25 मिनिटांचा लावा, डोळा लागायला पाच मिनिटं जातातच.

कादंबरीचा अनुवाद करतोय. 400 पानांपैकी 210 झाली. शब्द सुचेनासे झालेत. तीन आठवडे थांबलो तर सूर हरवेल अशी भीती वाटते. (पुणे)

थांबा, पण प्रकरणाच्या शेवटी नको. प्रकरण संपलं की परतल्यावर कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागते. प्रकरणाच्या मध्यावर, एखादा संवाद रंगात असताना, पुढचं वाक्य डोक्यात तयार असताना थांबा आणि ते वाक्य अर्धंच लिहून ठेवा.

त्याआधी एक पूर्ण दिवस सूर कागदावर उतरवण्यासाठी द्या. हा दिवस वाचवायला गेलात तर परतल्यावर आठवडा जातो. तुम्ही घेतलेले निर्णय पान क्रमांकासह लिहा: नायिका नवऱ्याला "अहो" म्हणते, पान 140च्या भांडणानंतर "तुम्ही"वरून "तू"वर येते, आजी "अगंबाई" म्हणते, "अरेच्चा" कधीच नाही, गावचं बोलणं कुठल्या बोलीत आणि किती, कोणते शब्द मूळ भाषेतलेच ठेवले. चार-पाच पानं होतील. फाइलच्या नावात तारीख घालून दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

प्रकाशकांना परतीची तारीख सांगताना खऱ्या तारखेला दोन दिवस जोडून सांगा. जीएसटी नोंदणी असेल तर लक्षात ठेवा, उलाढाल शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला 20 रुपये लागतात.

या तीन आठवड्यांत दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं घेऊ नका. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. "हलकं काम आहे" म्हणून माणूस हो म्हणतो, पण प्रुफं वाचतानाही शब्दच तोलावे लागतात, आणि दमलंय ते नेमकं तेच. हाताने, पायाने करायचं काहीही चालेल: कुंड्यांची माती बदला, सकाळी पर्वती चढा. पहिले तीन-चार दिवस नुसती झोप येईल, तेव्हा त्यावरून ब्रेक फुकट गेला असं ठरवू नका.

परतल्यावर पहिल्या दिवशी नवीन काही लिहू नका. मागची दहा पानं मोठ्याने वाचा, हातात लाल पेन न घेता. चुका दिसतील, राहू द्या. दुरुस्त्या सुरू केल्या की 211वं पान आठवडाभर लांबतं. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य पूर्ण करा. रोज 1500 शब्द करत असाल तर पहिले तीन दिवस 700वर थांबा, हात चालत असला तरी.