शहा का पडला, आणि नंतर काय झाले? इराणच्या क्रांतीविषयी प्रश्नोत्तरे

इराणमध्ये १९७९ साली राजेशाही संपली. त्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : तेलाचा पैसा धो धो येत होता, रस्ते आणि कारखाने उभे राहत होते. मग लोक राजाविरुद्ध उठले का?

उत्तर : माझ्या मते त्या पैशानेच पेच वाढवला. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि शहा, म्हणजे इराणचे राजे, मोहम्मद रझा पहलवी यांनी चालू पंचवार्षिक योजनेचा खर्च जवळजवळ दुप्पट केला. बंदरांवर माल उतरवायला जागा उरली नाही, तेहरानमधली घरभाडी आवाक्याबाहेर गेली. १९६०च्या दशकातल्या जमीनवाटपात ज्यांना तुटपुंजे रान मिळाले किंवा काहीच मिळाले नाही, अशी लाखो माणसे गाव सोडून तेहरानच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत येऊन राहिली होती. भाववाढीचा सगळ्यात मोठा फटका त्यांना बसला.

सरकारने खापर फोडले ते दुकानदारांवर. १९७५ पासून भावतपासणीची पथके बाजारात फिरू लागली आणि हजारो व्यापाऱ्यांना दंड झाला, काहींना तुरुंग किंवा हद्दपारी. इराणचा जुना बाजार आणि मशीद यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. धर्मगुरूंच्या मदरशांचा खर्च बराचसा व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर चालायचा. ज्या दोन गटांना सांभाळून घ्यायला हवे होते, ते दोन्ही शहाने एकाच वेळी दुखावले.

तेलामुळे आणखी एक गोष्ट झाली. सरकार लोकांच्या करांवर अवलंबून राहिले नाही, त्यामुळे लोकांचे ऐकून घेण्याची निकडही राहिली नाही. १९७५ मध्ये शहाने बाकीचे पक्ष गुंडाळून ‘रस्ताखीझ’ हा एकच पक्ष ठेवला आणि ज्यांना तो नको असेल त्यांनी देश सोडावा, असे जाहीरपणे सुनावले. पुढच्या वर्षी हिजरी सनाऐवजी सायरस या प्राचीन इराणी राजापासून मोजलेला सन आणला. १३५५ साल एका फटक्यात २५३५ झाले! तक्रार करायला ना पक्ष उरला, ना वर्तमानपत्र. ‘सावाक’ या गुप्त पोलीस दलाची दहशत होतीच. या सगळ्याच्या मुळाशी १९५३ ची जखम होती. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोसादेघ यांना अमेरिका आणि ब्रिटनच्या मदतीने हटवण्यात आले होते. तेव्हापासून शहाची गादी परक्यांनी टिकवलेली आहे, ही भावना कधी गेली नाही.

प्रश्न : ठिणगी नेमकी कशाने पडली?

उत्तर : जानेवारी १९७८ मध्ये ‘इत्तेलाआत’ या दैनिकात हद्दपार केलेले धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी यांची बदनामी करणारा लेख आला. कोम शहरातले धर्मशिक्षणाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. शिया परंपरेत मृताचा चाळिसावा पाळतात. चाळीस दिवसांनी तब्रिझमध्ये शोकसभा, तिथेही गोळीबार, पुन्हा चाळीस दिवसांनी इतर शहरांत तेच. जमावाला एकत्र यायला वेगळ्या हाकेची गरजच नव्हती. तारीख शोकाने आधीच ठरवलेली असायची.

ऑगस्टमध्ये अबादानचे रेक्स चित्रपटगृह जाळले गेले आणि चारशेच्या आसपास माणसे आत होरपळून मेली. लोकांनी दोष सावाकला दिला. पुढे आलेल्या पुराव्यांचा रोख मात्र राजवटीच्या धार्मिक विरोधकांकडे होता. तरी सरकारच्या शब्दावर त्या दिवसांत कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि माझ्या लेखी राजवट खरी तिथेच संपली. ८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात सैन्याने गोळ्या झाडल्या. हजारो मेल्याची वार्ता पसरली. क्रांतीनंतर झालेल्या मोजणीत त्या दिवशीचे मृत शंभराच्या आत भरले. त्या वेळी लोक हजारांच्याच आकड्यावर विश्वास ठेवून वागले.

प्रश्न : एवढे मोठे लष्कर हाताशी असताना शहा टिकला कसा नाही?

उत्तर : लष्कर परकीय युद्धासाठी सजवलेले होते. शिपाई बरेचसे सक्तीच्या भरतीतले, समोरच्या जमावाच्याच घरांतले. ते पळून जाऊ लागले. खुद्द शहा कर्करोगाने आजारी होता आणि ही गोष्ट त्याने लपवली होती. एकीकडे लष्करी सरकार नेमायचे आणि त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर ‘तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला’ असे सांगायचे, यातून सेनापतींनी काय अर्थ काढावा? निर्णायक घाव घातला तेल कामगारांनी. त्यांच्या संपामुळे डिसेंबरअखेर निर्यात थांबली आणि तिजोरीचा झराच आटला. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेला. ११ फेब्रुवारीला लष्कराने तटस्थ राहण्याचे जाहीर केले.

प्रश्न : ही क्रांती पहिल्यापासून इस्लामी राज्यासाठीच होती ना?

उत्तर : नाही. मोर्च्यांत मोसादेघवादी होते, साम्यवादी होते, वकील, लेखक, विद्यार्थिनी, कामगार होते. शहा जावा यावर त्यांचे एकमत होते, पुढे काय यावर नव्हते. पण शहाने पक्ष आणि संघटना चिरडल्या तेव्हा मशिदी मात्र शाबूत राहिल्या. खोमेनींच्या भाषणांच्या कॅसेट तिथून गावोगाव जात. ज्याच्याकडे जाळे होते, त्याच्या हाती सत्ता गेली.

तीही एका दिवसात नव्हे. मार्चअखेरच्या सार्वमतात ‘इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही’ एवढाच पर्याय होता. जूनमध्ये आलेल्या घटनेच्या मसुद्यात धर्मशास्त्रज्ञाच्या सर्वोच्च सत्तेची तरतूद नव्हती. ती नंतर मसुदा तपासायला निवडलेल्या तज्ज्ञसभेने घातली. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली आणि क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान बाझारगान यांनी लगेच राजीनामा दिला. १९८१ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष बनी सद्र हटवले गेले. त्याच्या आदल्या सप्टेंबरात इराकने हल्ला केला होता. आठ वर्षे चाललेल्या त्या युद्धाने मतभेदाला फितुरी ठरवणे सोपे करून टाकले. म्हणून शहा का पडला आणि धर्मसत्ता का आली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मी आग्रहाने सांगतो. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले, की १९७८ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर अन्याय होतो.

प्रश्न : स्त्रियांच्या पदरात काय पडले?

उत्तर : त्या मोर्च्यांत पुढे होत्या आणि पहिला घाव त्यांच्यावरच पडला. शहाच्या काळातला कुटुंब संरक्षण कायदा, ज्याने घटस्फोटात स्त्रीला काही हक्क दिले होते, तो क्रांतीनंतर काही आठवड्यांतच बाजूला सारला गेला. ८ मार्च १९७९ ला, डोके झाकण्याच्या सक्तीची चाहूल लागताच, हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर निषेधाला आल्या. तेव्हा सरकार थोडे मागे सरले, पण पुढच्या काही वर्षांत सक्ती कायद्यात आलीच. १९६३ मध्ये मिळालेला मताधिकार राहिला. खेड्यांत शाळा पोचल्या, मुलींची साक्षरता झपाट्याने वाढली, आणि शतक संपता संपता विद्यापीठांत दाखल होणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक झाल्या. शिकलेल्या या स्त्रियांना न्यायाधीशाच्या आसनावर बसून निकाल देण्याचा अधिकार मात्र १९७९ मध्येच काढून घेतला गेला होता. शिरीन एबादी त्या वेळी न्यायाधीश होत्या. त्यांना कारकुनी कामावर उतरवण्यात आले, आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले ते मानवी हक्कांची बाजू लढवणाऱ्या वकील म्हणून.