अंतर बघितलंस, चढ बघितलास का?

ट्रेक १२ किलोमीटरचा म्हणजे तीन तासांत उरकेल, हा हिशोब सपाटीवरचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला आडाखा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. म्हणजे वाटेत ९०० मीटर चढ असेल तर जवळपास चार तास, तेही न थांबता. पाठीवर जड सॅक असेल तर वेळ वाढवूनच धर. नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटल्या की समजायचं, इथे दम निघणार.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घे आणि फ्लाइट मोड लाव. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, बॅटरी मात्र रेंज शोधण्यातच संपते. कागदी नकाशा नि होकायंत्र तरीही हवंच.

बूट? कोरे करकरीत घालून अजिबात निघू नकोस. परत कधी येणार, ते घरी सांगून जा.