गाडीचं विचारा: पॉपअप हेडलाईटचं किट बनवायचंय, अजून काय बघू?

प्रश्न: नमस्कार काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या मिशिगनला नोकरीला आहे. माझ्याकडे टोयोटाची जीआर ८६ आहे आणि तिला जुन्या एई ८६ ट्रुएनोसारखे वर येणारे हेडलाईट बसवायचं किट मी आणि पुण्याचा एक मित्र मिळून बनवतोय, तो कॅडचं बघतो. जमलं तर विकायचं पण आहे. मोटर आणि लिंकेजचं, म्हणजे दिवा उचलणाऱ्या दांड्यांचं, डिझाईन जवळपास झालंय. अजून काय काय बघावं लागेल?

उत्तर: मोटर आणि लिंकेज झालं म्हणजे सोप्पं काम झालं रे तुझं. दिवा वर उचलणं ही अडचण कधी नव्हतीच, १९३६ च्या कॉर्ड ८१० ला डॅशबोर्डवर दोन हँडल होती, ड्रायव्हर ती हाताने फिरवून एकेक दिवा बाहेर काढायचा, १९६२ च्या लोटस एलानने तेच काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर करून घेतलं. खरी गोम अशी की वर आलेला दिवा दर वेळी त्याच कोनात येऊन थांबला पाहिजे, आणि गाडी खड्ड्यातून गेली तरी तिथून हलता कामा नये.

हिशोब करून बघ. लो बीमचा झोत साधारण एक टक्का खाली ठेवतात, म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर १० सेंटीमीटर खाली. आता तुमच्या लिंकेजमध्ये नुसता अर्ध्या अंशाचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला, आणि प्लास्टिकचे बुश आणि स्वस्तातला गिअरबॉक्स घेतला की तेवढा सहज येतो, तर त्याच भिंतीवर झोत जवळजवळ ९ सेंटीमीटर वर चढतो. झालं, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले. म्हणून कोन ठरवायचं काम मोटरला देऊच नका. ब्रॅकेट वर आला की बॉडीवरच्या एका स्टॉप बोल्टवर टेकू दे, बोल्टला लॉकनट, आणि लिंकमध्ये थोडी स्प्रिंग ठेवा म्हणजे मोटर थांबल्यावरही ब्रॅकेट बोल्टवर दाबलेलाच राहतो. मोटर कुठे थांबवायची तर क्रँक (मोटरवरचा फिरणारा दांडा) आणि लिंक एका रेषेत येतात तिथे, डेड सेंटरला, मग बाहेरून ढकललं तरी मोटर उलटी फिरत नाही. पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाची मोटर कुठे भंगारात मिळाली तर खोलून बघच, एकाच दिशेने फिरते, अर्ध्या फेरीत दिवा वर, उरलेल्या अर्ध्या फेरीत खाली, उलटसुलट वायरिंगची भानगडच नाही, शिवाय मोटरला हाताने फिरवायची घुंडी आहे, मोटर मेली तर बॉनेट उघडून दिवा वर काढता येतो. तुमच्या किटमध्ये ती घुंडी नसेल तर मी तरी विकत घेणार नाही.

वाऱ्याचं पण धरा. २० बाय १५ सेंटीमीटरचा दिवा उभा राहिला की ताशी १०० ला त्याच्यावर ढोबळमानाने दीड किलोचा जोर येतो, २०० ला चौपट.

आता जागा. जीआर ८६ चं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, ते कापायच्या भानगडीत पडू नका, आतली फ्रेम कापली गेली की बॉनेटचा दमच जातो. किटबरोबर खाचा असलेलं वेगळं फायबरचं बॉनेट द्या आणि गिऱ्हाईकाचं मूळ बॉनेट त्याच्या घरी राहू द्या, गाडी विकताना तो तुम्हाला दुवा देईल. पण दिवे मात्र बॉनेटवर लावायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी! बॉनेट दर वेळी उघडबंद होणार, लॅच किंचित ढिला बसला तरी झोत हलला. दिवे बॉडीच्या स्ट्रक्चरवरच घ्या, मियाटात पण तसंच आहे. बॉक्सर इंजिन, म्हणजे आडव्या सिलिंडरचं, खाली बसतं म्हणून मध्ये जागा दिसते, पण कोपऱ्यात काय काय कोंबलंय ते थ्रीडी स्कॅन करूनच कळेल. सात इंची गोल दिव्याला १७८ मिलिमीटर व्यासाचा आणि वर खोल असा खड्डा लागतो, तो तिथे मावणं अवघड, त्यापेक्षा ९० मिलिमीटरचे तयार अप्रूव्हड प्रोजेक्टर मॉड्यूल घ्या. स्वतःचं ऑप्टिक्स बनवायच्या नादाला लागू नका. ट्रायलचे ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करताना पीएलए प्लास्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, इंजिनशेजारी त्याचा लोळागोळा होईल.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये गाडीच्या कॅन लाईनला, म्हणजे तिचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरला, शक्यतो हात लावू नका. मूळ लो बीमला जाणारा सप्लाय हाच सिग्नल धरा, त्यावर रिले, आणि मूळ हेडलाईट काढल्यावर डॅशबोर्डवर एरर पेटतात त्यांचा बंदोबस्त आधीच बघून ठेवा. मोटरला ओव्हरकरंट कटऑफ हवाच. मिशिगनच्या थंडीत झाकणाची फट बर्फाने चिकटणार, मोटर जोर लावत बसणार आणि जळणार. खड्ड्याला पाणी जायला भोक ठेवा, नाहीतर आत पाणी साचून तेच गोठेल.

आणि विकायचंच असेल तर अमेरिकेचा नियम, एफएमव्हीएसएस १०८, नीट वाचा. लपणारा दिवा ३ सेकंदांत पूर्ण उघडला पाहिजे, उघडल्यावर करंट गेला तरी उघडाच राहिला पाहिजे (डेड सेंटर इथे पण कामी येतं) आणि लो बीम जमिनीपासून कमीत कमी २२ इंच, म्हणजे ५६ सेंटीमीटर उंच हवा. तिथे सरकार आधी तपासून शिक्का मारत नाही, बनवणाराच म्हणतो माझा माल नियमात आहे, आणि नसला तर रिकॉलचं लफडं पण त्याच्याच गळ्यात. मालकाने स्वतःच्या गाडीची सेफ्टीची वस्तू काढली तर केंद्राचा कायदा त्याला धरत नाही, राज्याचा काय म्हणतो ते वेगळं बघायचं, पण बनवणारा किंवा बसवून देणारं गॅरेज तसं करू शकत नाही. म्हणजे किटमधला दिवा स्वतःच्या जोरावर नियमात बसला पाहिजे, 'फक्त शोसाठी' असं छापून सुटका नाही.

प्रश्न: काका, एवढी भारी गोष्ट कंपन्यांनी बंद का केली? कायद्याने बंदी आली म्हणतात, खरं का?

उत्तर: सरळ बंदी अशी नाही आली. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक साईजचे सीलबीम (बल्ब, आरसा, काच एकत्र बंद असलेले) दिवेच लावावे लागायचे, बुटक्या नाकाच्या गाडीत ते बसवायचे तर लपवणं हाच मार्ग, १९८३ ला ती सक्ती सुटली आणि हवा तसा आकार काचेखाली बसवता यायला लागला. मग युरोपात २००५ पासून नव्या मॉडेलना पादचाऱ्याच्या धडकेची चाचणी लागली, तिथे वर आलेला टोकदार डबा कोण बसवणार? पण त्याच्या आधीच कंपन्यांचा खर्चाचा आणि वजनाचा हिशोब झाला होता असं माझं मत. सी५ कॉर्वेट आणि लोटस एस्प्रि या शेवटच्या दोन, दोन्ही २००४ ला संपल्या.

प्रश्न: मी पुण्यात असतो, असं किट माझ्या गाडीला बसवलं तर चालेल का? आरटीओ काय करेल?

उत्तर: नाही चालणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघ, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी आरसीवरचा तपशील जुळला पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ट्रॅकवर ट्रेलरने नेऊन पळवायची नोंदणी नसलेली गाडी असेल तर खुशाल कर, रस्त्यावरच्या गाडीला नको.