दादर स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळला, घोटा सुजलाय. एक्स-रे काढायलाच हवा का?

नाही, प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागत नाही. पडल्यावर लगेच आणि आत्ताही तुम्हाला चार पावलं टाकता येत असतील आणि हाड दाबल्यावर दुखत नसेल, तर ते मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. 1992 साली कॅनडातल्या ओटावात यासाठी नियम तयार झाले. फिजिओथेरपिस्ट म्हणून मीही आधी तेच तपासते. या जागा बोटाने दाबून पाहा:

- आतल्या-बाहेरच्या दोन्ही घोट्यांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत
- पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर हाताला लागणारा उंचवटा
- आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावरचं हाड

यातली एक जरी जागा दुखली तरी ऑर्थोपेडिक ओपीडी गाठा. परळच्या केईएममध्येही ती आहे. सुजेवरून मात्र काही ठरवू नका, नुसतं लिगामेंट ताणलं तरी घोटा टम्म फुगतो. हाड शाबूत असेल तर क्रेप बँडेज, फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं आणि पाय उशीवर. पहिले दोन-तीन दिवस तेल लावून रगडणं नकोच, कृपा करून. दुखणं उतरलं की एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम करा. तो टाळला की तोच पाय पुन्हा मुरगळतो. मधुमेहामुळे पावलाची संवेदना कमी झाली असेल, तर ही दाबून बघायची तपासणी भरवशाची नाही, थेट डॉक्टरांकडे जा.